घरातील कागदपत्रे : जपणूक, मांडणी आणि जबाबदारी

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील बत्तिसाव्या अध्यायात जमीनखरेदीच्या एका व्यवहाराची हकिगत आली आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि स्वतः संदेष्टा बंदिवासात होता. अशा बिकट काळात त्याने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले. खरेदीखत लिहिले गेले, साक्षीदारांनी सह्या केल्या. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि दुसरी उघडी. त्या दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेवाव्यात, असे संदेष्ट्याने बारुखला सर्वांसमक्ष सांगितले.

कागदपत्रे कशी सांभाळावीत याचे तीन नियम या वृत्तांतात आपल्याला सापडतात. मूळ प्रत बंद ठेवावी आणि वापराची प्रत निराळी असावी, हा पहिला. हवामानाला तोंड देईल अशा पात्रात कागद ठेवावा, हा दुसरा. आणि तो कोठे ठेवला आहे हे आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असावे, हा तिसरा. आपल्या कुटुंबांत पहिले दोन नियम थोडेफार पाळले जातात. तिसरा मात्र बहुधा राहून जातो. घरातील कर्ती व्यक्ती अचानक निवर्तली की विम्याचा कागद कोठे, बँकेची खाती किती, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे प्रश्न दुःखाच्या त्याच दिवसांत विधवा पत्नीपुढे किंवा वृद्ध आईपुढे उभे राहतात. म्हणून कागदपत्रांची व्यवस्था ही आपल्यामागे राहणाऱ्यांची आपण आगाऊ केलेली सेवा आहे, या दृष्टीने आम्ही या विषयाकडे पाहत आहोत.

कागद आणि नोंद यांतील फरक

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. आपल्या हाती असलेले बहुतेक दाखले हे कोठल्यातरी नोंदवहीतील एका ओळीचे उतारे असतात. बाप्तिस्म्याचा दाखला हा धर्मग्रामाच्या नोंदवहीचा उतारा, जन्माचा दाखला हा ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या नोंदवहीचा उतारा, तर खरेदीखताची अधिकृत नक्कल दुय्यम निबंधकाच्या दप्तरातून मिळते. दाखला हरवला तरी नोंद शाबूत असते. मात्र ती शोधण्यासाठी कार्यालय, तारीख आणि नोंदणी क्रमांक ठाऊक असावे लागतात. हा तपशील हाताशी असेल तर हरवलेला दाखला सहसा एक-दोन खेपांत पुन्हा मिळतो. नसेल तर चपला झिजतात.

आपल्या वसई परिसरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील प्रशासनाची रचना अनेकदा बदलली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आजूबाजूच्या अनेक ग्रामपंचायती मिळून वसई विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्या व्यक्तीच्या दाखल्यावर आज अस्तित्वात नसलेल्या ग्रामपंचायतीचे नाव आणि ‘जिल्हा ठाणे’ असा उल्लेख असू शकतो. त्यात चूक काहीच नाही. तो दाखला त्या काळाप्रमाणे बरोबरच आहे. परंतु नवी नक्कल मागताना मूळ गावाचे नाव, नोंदणीची तारीख आणि क्रमांक सांगता आला पाहिजे.

धर्मग्रामातील नोंदी

ख्रिस्तसभेला नोंदवह्यांची परंपरा जुनी आहे. विवाहांची नोंद धर्मगुरूंनी वहीत ठेवावी, असा आदेश ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली दिला. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे व त्या काळजीपूर्वक जतन करणे बंधनकारक आहे.

या कलमातील एक तरतूद सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, संन्यस्त जीवनाचे अखेरचे व्रत यांचा उल्लेख त्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढेच केला जातो. विवाह दुसऱ्या गावी झाला तरी तेथून मूळ धर्मग्रामाला कळवले जाते. विवाहाच्या वेळी धर्मगुरू बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला मागतात, त्याचे कारण हेच आहे. घरातील वीस वर्षांपूर्वीचा दाखला खोटा नसतो, परंतु दरम्यानच्या काळात नोंदीत काय भर पडली हे तो सांगू शकत नाही. तेव्हा जुना दाखला जपून ठेवावा तो मुख्यत्वे त्यावरील तपशिलासाठी. चर्चचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख, नोंदवहीचे पान आणि क्रमांक या चार गोष्टी घरात लिहून ठेवल्यास नवा दाखला मिळण्यास विलंब लागत नाही. नोकरीनिमित्त पुणे, नाशिक किंवा आखाती देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हे अगत्याने करावे.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. बाप्तिस्म्याचा दाखला जन्माच्या शासकीय दाखल्याची जागा घेत नाही आणि चर्चमधील मृत्युनोंद शासकीय मृत्युनोंदीची जागा घेत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये जन्म वा मृत्यूची खबर २१ दिवसांत देणे अपेक्षित आहे. रुग्णालयात झालेल्या घटनेची खबर रुग्णालय देते. घरी झालेल्या घटनेची जबाबदारी कुटुंबावर असते. पूर्वी ज्येष्ठांच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वयाचा पुरावा म्हणून पुष्कळदा भिस्त ठेवली जाई. आता तो मार्ग अरुंद होत आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र इत्यादी कामांत जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यास जन्माचा दाखलाच ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. तरुण आईवडिलांनी तो दाखला बाळाच्या नावासह वेळीच काढून घ्यावा. अनेक जुन्या नोंदींत बाळाचे नाव घातलेलेच नसते, ही गोष्ट पुष्कळदा ऐनवेळी उघडकीस येते.

कागदपत्रांची विभागणी

घरातील सारी कागदपत्रे एकदा टेबलावर काढावीत आणि त्यांचे तीन भाग करावेत.

पहिला भाग, ज्यांची नक्कल मिळू शकते अशा कागदांचा : जन्म-मृत्यूचे दाखले, चर्चचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, सातबारा व आठ-अ चे उतारे, फेरफार, मिळकतपत्रिका, आधार, पॅन, पारपत्र इत्यादी. यांच्या बाबतीत नोंदणी क्रमांक हा कागदाइतकाच मोलाचा.

दुसरा भाग, जे एकमेव आहेत किंवा ज्यांची नक्कल मिळवणे अतिशय जिकिरीचे आहे अशा कागदांचा : नोंदणी न केलेले मृत्युपत्र, भावाभावांतील खासगी वाटणीचे कागद, उसनवारीच्या चिठ्ठ्या, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, जुनी मूळ खरेदीखते. शेतकरी कुटुंबांत याच भागात एक महत्त्वाचा कागद असतो. १९४८ च्या कूळकायद्यानुसार ज्यांच्या वाडवडिलांना जमिनीची मालकी मिळाली, त्यांना कलम ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र दिले गेले. कूळ म्हणून झालेल्या खरेदीचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. असे प्रमाणपत्र घरात आहे किंवा कसे, हे ज्येष्ठ मंडळी हयात असतानाच विचारून घ्यावे.

तिसरा भाग, रोजच्या कामाचा : विजेची व पाण्याची बिले, बँकेची पत्रे, औषधोपचाराचे कागद, पावत्या. यांतील बरेचसे वर्षभराने काढून टाकता येतात. मात्र घरपट्टीच्या जुन्या पावत्या राखून ठेवाव्यात, कारण एका जागी दीर्घकाळ वास्तव्य असल्याचे दाखवण्यास त्या उपयोगी पडतात. दुकानातील यंत्रावर छापलेल्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. टीव्ही-फ्रिजची हमी अशा पावतीवर असेल तर तिची झेरॉक्स लगेच काढावी. खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक असलेले कागद रद्दीत देण्यापूर्वी बारीक फाडावेत.

नावांचा घोळ

आपल्या समाजात कागदपत्रे अडतात ती पुष्कळदा नावावरून. चर्चच्या नोंदीत सेबॅस्टियन, सातबाऱ्यावर बस्त्याव. चर्चमध्ये जोसेफ, गावच्या दप्तरी जुजे. एकीकडे डिसोजा, दुसरीकडे डिसूझा. शाळेच्या दाखल्यात वडिलांचे नाव मधे लागते, चर्चच्या दाखल्यात ते लागत नाही. विवाहानंतर स्त्रियांच्या नावात आणखी फरक पडतो. माणूस एकच, परंतु कागदोपत्री तो तीन माणसांसारखा दिसतो आणि वारसनोंदीच्या वेळी ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

यासाठी कुटुंबातील प्रत्येकाच्या नावाचा एक तक्ता करावा. कोणत्या कागदावर नाव नेमके कोणत्या अक्षरांत आहे, हे त्यात लिहावे. तफावत दिसल्यास ती व्यक्ती हयात असतानाच प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी किंवा संबंधित कार्यालयातील दुरुस्ती यांपैकी योग्य तो मार्ग धरावा. मूळ दाखल्यावर स्वतःच्या हाताने खाडाखोड मात्र कदापि करू नये. तसा दाखला निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.

पावसाळा, कसर आणि पूर

यहुदियाच्या कोरड्या हवेत मातीचे पात्र पुरेसे होते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर समुद्राची दमट हवा. कागदाचे शत्रू येथे निराळे आहेत : बुरशी, कसर, वाळवी आणि पुराचे पाणी.

कागदपत्रांचे कपाट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा माळ्यावर ठेवावी. लोखंडी टाचण्या व स्टेपलरच्या पिना काढून टाकाव्यात, कारण त्या गंजून कागद खातात. रबरबँड उष्णतेने वितळून चिकटतात. त्याऐवजी सुती फीत वापरावी. फाटलेल्या जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि काढताना अक्षरेही घेऊन जाते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत झेरॉक्सची शाई प्लास्टिकला चिकटते, म्हणून प्रत्येक मूळ कागद आधी साध्या कागदी लिफाफ्यात घालावा. डांबरगोळ्या ठेवल्यास त्यांचा कागदाला स्पर्श होऊ देऊ नये. पावसाळा सरला की ऑक्टोबरातील एखाद्या कोरड्या दिवशी सारे कागद सावलीत वाऱ्यावर टाकावेत.

दाखले लॅमिनेट करण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ती टाळावी. एकदा प्लास्टिकमध्ये बंद झालेल्या कागदावर शिक्का वा सही घेता येत नाही. परदेशात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना मूळ दाखल्यावर काही देशांकरिता अपोस्टीलचा, तर काही देशांकरिता दूतावासाचा शिक्का लागतो. तेथे लॅमिनेट केलेला दाखला अडचणीचा ठरतो आणि नवी प्रत काढावी लागते.

२६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला. सखल भागात राहणाऱ्यांनी दुसऱ्या भागातील म्हणजे एकमेव कागद जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, एका हाताने उचलता येतील असे एकत्र ठेवावेत. पिशवी बंद करण्यापूर्वी कागद पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी. इतकी काळजी घेऊनही कागद भिजलेच तर ओले पदर ओढून सुटे करू नयेत आणि कडक उन्हातही ठेवू नयेत. टिपकागदाने अलगद पाणी टिपून पंख्याच्या वाऱ्यात सावलीत वाळवावेत. कागद पुष्कळ असतील आणि लगेच वेळ नसेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. त्यामुळे बुरशीची वाढ थांबते आणि वाळवण्यास अवधी मिळतो.

उघडी प्रत : झेरॉक्स आणि मोबाइल

यिर्मयाच्या व्यवहारातील उघड्या प्रतीचे काम आज झेरॉक्स आणि संगणकीय प्रत करतात. शासनाची डिजीलॉकर ही सेवा २०१५ पासून सुरू आहे. तिच्यातील एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. संबंधित खात्याने थेट डिजीलॉकरमध्ये दिलेला दस्तऐवज कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे ठेवलेला कागद ही केवळ प्रत असते. सातबाराही आता डिजिटल स्वाक्षरीसह शासनाच्या संकेतस्थळावरून मिळतो.

इतर कागदांची छायाचित्रे काढून ती एका मोबाइलवर न ठेवता निदान दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे मोबाइल हरवला तरी प्रती राहतात. कोणाला झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहून आडवी सही करावी, जेणेकरून ती दुसऱ्या कामासाठी वापरली जाणार नाही. आधारची प्रत द्यावयाची असल्यास ज्यात केवळ अखेरचे चार अंक दिसतात अशी झाकलेली प्रत उपलब्ध आहे. जेथे चालेल तेथे तीच द्यावी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दाखले टाकून ठेवण्याची सवय सोडलेली बरी.

मृत्युपत्र आणि लॉकर

मृत्युपत्राविषयी येथे सविस्तर लिहिण्यास जागा नाही; तथापि १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील तीन गोष्टी ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवाव्यात. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्राने काही देऊ केले असल्यास ते देणे रद्द ठरते, म्हणून लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नये. आणि विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होते. विवाहानंतर ते नव्याने करावे लागते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदणी केल्यास ते हरवण्याची भीती उरत नाही.

पुष्कळ जण मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. लॉकर एकट्याच्याच नावावर असेल आणि नामनिर्देशन केलेले नसेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी तो उघडणे कठीण होते. लॉकर संयुक्त नावाने असावा आणि त्यावर नामनिर्देशन असावे. लॉकरमधील वस्तू नैसर्गिक आपत्तीत नष्ट झाल्यास, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, भरपाई मिळत नाही, हेही विसरू नये.

जमिनीच्या बाबतीत वारसनोंद हे काम सर्वाधिक रेंगाळते. जमीनधारकाच्या निधनानंतर तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात खबर देणे कायद्याने अपेक्षित आहे. प्रत्यक्षात आजोबांचे नाव नातवांच्या काळापर्यंत सातबाऱ्यावर राहते, वारस वाढत जातात आणि कागद शोधणे म्हणजे भाऊबंदकी उकरून काढणे होऊन बसते.

कुटुंबाची वही

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील निष्कर्ष एका साध्या वहीत मावतो. दोनशे पानी पक्क्या बांधणीची वही घ्यावी आणि प्रत्येक सदस्याला काही पाने द्यावीत. कागदाचे नाव, त्यावरील क्रमांक व तारीख, मूळ नोंद असलेले कार्यालय किंवा चर्च, आणि कागद घरात कोणत्या लिफाफ्यात आहे, असे चार रकाने पुरेत. बँक खाती, मुदतठेवी, विमा, निवृत्तिवेतन, घेतलेले व दिलेले कर्ज यांसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत. लेखन बॉलपेनने करावे. शाईचे पेन पाण्याने फुटते. पिन क्रमांक व पासवर्ड या वहीत लिहू नयेत.

दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या मागता येतात, आणि शोधण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले आहे. परंतु आपल्या माणसाने त्या बँकेत काही ठेवले होते याची घरच्यांना कल्पनाच नसेल तर मागणार तरी कोण? तोबितच्या ग्रंथात वृद्ध आणि दृष्टी गमावलेला पिता आपल्या मुलाला, मेदिया देशात गबाएलकडे दहा तालांत चांदी ठेवल्याचे आणि त्याची खूण कोणती हे सांगतो. मुलगा प्रवासाला निघतो तो त्यानंतर. सांगितलेच नसते तर ती चांदी परक्या देशी तशीच राहिली असती.

नोव्हेंबर हा मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यातील एका रविवारी, सायंकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर ही वही सर्वांसमोर उघडावी, वर्षभरातील बदल लिहावेत आणि वही कोठे असते ते मुलांना व सुनांनाही दाखवून ठेवावे. आपल्या लघु ख्रिस्ती समूहात एकटे राहणारे वृद्ध असतील, तर लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या विश्वासातील नातेवाइकाच्या उपस्थितीत त्यांची वही लिहून द्यावी. एखाद्या विधवा मातेचे कित्येक महिन्यांचे हेलपाटे अशा एका संध्याकाळच्या कामामुळे वाचू शकतात.